वादळात आधी मुळं सांभाळा: घरच्या हायड्रोपोनिक बागेची माझी तयारी

मातीविना, खत मिसळलेल्या पाण्यावर (पोषणद्रावणावर) वाढणाऱ्या माझ्या बागेचं सगळ्यात मोठं नुकसान वादळ सरल्यानंतर झालं, लख्ख उन्हात.

आदल्या संध्याकाळी मी गच्चीवरचा सांगाडा दोरांनी आवळला होता, टॉवर भिंतीला बांधला होता, वरची जाळी दुहेरी गाठींनी पक्की केली होती. रात्रभर वारा घोंघावत राहिला. सकाळी वर गेले तर सांगाडा जागेवर, चॅनल (ज्यांतून पोषणद्रावण वाहतं ते रोपांचे पाइप) जागेवर, पानं थोडीशी फाटलेली, एवढंच. इतकं हायसं वाटलं की मी झाडू घेऊन पालापाचोळा गोळा करायला लागले. वीज पहाटे गेली होती, हे मला ठाऊक होतं. पण वीज नाही म्हणजे पंप नाही आणि पंप नाही म्हणजे चॅनलमध्ये पाणी नाही, ही साखळी त्या वेळी डोक्यात जुळली नाही. अकराच्या सुमारास ढग हटले, ऊन पडलं आणि दुपारपर्यंत लेट्यूसची चाळीस रोपं चॅनलमध्ये आडवी झाली. शेजारच्या साध्या टबात, जिथे ना पंप ना वीज, बेझिल मात्र ताठ उभी होती. त्या टबासाठी मी काहीच केलं नव्हतं.

तेव्हापासून माझा क्रम बदलला. आधी मुळं, मग टाकी, मग सांगाडा, सगळ्यात शेवटी पानं. पान फाटलं तर नवं येतं. मूळ वाळलं किंवा गुदमरलं तर रोपच जातं. मातीतल्या झाडाला माती थोडा वेळ देते, कारण तिच्यात ओल असते आणि हवाही. आपल्या बागेत हे दोन्ही आपण यंत्रानं पुरवत असतो. वादळात यंत्र थांबतं, हे गृहीत धरूनच तयारी करायची.

तुमच्या बागेच्या हातात किती वेळ आहे?

हे प्रत्येक पद्धतीत वेगळं असतं. सगळ्यात नाजूक एरोपोनिक. तिथे मुळं हवेत लोंबकळत असतात आणि त्यांच्यावर फवारा उडत असतो. फवारा थांबला की लगेच उलटी मोजणी सुरू. त्याच्यापाठोपाठ एनएफटी, म्हणजे माझ्यासारखे उतरते चॅनल. त्यांच्या तळाशी पाण्याचा जेमतेम १-२ मिलिमीटरचा थर वाहत असतो. पंप बंद पडल्यावर काही मिनिटांत तो निथळून टाकीत जातो. मग उरते ती फक्त मुळांच्या जाळ्यात अडकलेली ओल.

डीप वॉटर कल्चरमध्ये, म्हणजे मुळं पाण्यात आणि खालून एअर स्टोनचे (हवा सोडणाऱ्या सच्छिद्र दगडाचे) बुडबुडे, तिथे पाणी कुठे जात नाही. तिथे हवा संपते. थंड पाण्यात प्राणवायू जास्त मावतो. २० अंश सेल्सिअसला लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशाला साडेसातच्या आसपास. शिवाय गरम पाण्यात मुळं जास्त जोरात श्वास घेतात, म्हणजे साठा कमी आणि खर्च जास्त. म्हणून उकाड्यातल्या वादळात हे टब लवकर संकटात येतात. कोकोपीटमध्ये ठिबक चालवत असाल तर निश्चिंत राहा, तिथे ओल बराच वेळ टिकते. क्रॅटकी पद्धतीच्या टबाला, म्हणजे पंपाशिवाय, साठवलेल्या द्रावणावर रोपं वाढवायच्या टबाला, विजेशी देणंघेणंच नाही. त्याचा शत्रू पाऊस आहे, त्याबद्दल पुढे सांगते.

अंदाजावर राहू नका, मोजा. वारा-पाऊस नसलेल्या दिवशी पंप बंद करा आणि पानांकडे बघत बसा. मी हे दोनदा केलं. कडक उन्हात लेट्यूसची बाहेरची पानं पाऊण तासात मलूल झाली. ढगाळ दिवशी तीन तास निघाले. कडा लवायला लागल्या की लगेच पंप चालू करायचा, रोपं सावरतात. हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावर ठरतं.

पंप बंद पडणार, हे धरूनच चाला

एनएफटीवाल्यांसाठी माझा सगळ्यात मोलाचा उपाय फुकट आहे: चॅनलला तात्पुरतं तळं करायचं.

माझे चॅनल २ मीटर लांब आणि आतून १० सेंटिमीटर रुंद आहेत. उतार ४० ला १, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ५ सेंटिमीटरचा फरक. आधी मी नुसतं बाहेर जाणारं भोक अर्धवट बुजवून पाहिलं. पाणी साठलं, पण खालच्या अर्ध्या भागातच. वरच्या टोकाची पाच रोपं कोरडीच राहिली. उतार तसाच ठेवून बांध घातला तर असंच होणार. म्हणून आधी उतार काढायचा. माझ्या स्टँडवर वरच्या टोकाखाली लाकडी पाचर आहे, ती काढली की चॅनल सपाट होतो. तुमच्याकडे कड्या किंवा साखळ्या असतील तर त्या एक-दोन खाचा खाली घ्या. पाणसळ लावून बघा. नसेल तर चॅनलमध्ये थोडं पाणी ओता, ते सगळीकडे सारखं पसरलं पाहिजे.

मग चॅनलच्या तळाशी जे बाहेर जाणारं भोक आहे, त्यात पाइपाचा छोटा तुकडा उभा बसवायचा. वर आलेली उंची अडीच सेंटिमीटर. घट्ट बसावा म्हणून मी त्याला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळते. आता पाणी अडीच सेंटिमीटरपर्यंत साठतं आणि जास्तीचं पाइपाच्या तोंडातून नेहमीसारखं टाकीत परत जातं. पंप चालू असेपर्यंत प्रवाह सुरूच राहतो. पंप बंद पडला तरी प्रत्येक चॅनलमध्ये ५ लिटर पाणी उरतं. एरवी त्याच चॅनलमध्ये पाव-अर्धा लिटर असतं, यावरून फरक लक्षात येईल. चार चॅनलचे २० लिटर म्हणजे स्टँडवर २० किलोचं जादा वजन आलं. स्टँड डुगडुगत असेल तर आधी त्याचे बोल्ट आवळा.

हे काम वीज असतानाच करायला हवं, कारण चॅनल भरायला पंप लागतो. मी इशारा आला की आदल्या दिवशीच करते. एक दिवस सपाट चॅनलमध्ये राहिल्यानं रोपांना काही होत नाही.

या साठलेल्या पाण्यातली हवा मात्र हळूहळू संपते. तेव्हा बॅटरीचा विचार येतो आणि इथे बहुतेकजण चुकीच्या गोष्टीवर बॅटरी खर्च करतात, असं माझं मत आहे. हिशेब बघा. माझा पाण्याचा पंप १८ वॅटचा आहे. १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची छोटी लेड-अ‍ॅसिड बॅटरी म्हणजे ८४ वॅट-अवर. ती अर्ध्याहून जास्त उपसली तर लवकर खराब होते, म्हणून हाताशी ४२ धरायचे. त्यातले काही इन्व्हर्टर खातो. पंप दोन तासही चालत नाही. उलट १२ व्होल्टवर थेट चालणारा, ३ वॅटचा एअर पंप घेतला तर इन्व्हर्टरच नको आणि तीच बॅटरी १४ तास पुरते. पाणी चॅनलमध्ये आधीच अडवून ठेवलंय, त्याला फिरवत बसायची गरज नाही. बॅटरी हवेसाठी राखून ठेवा.

मी त्या एअर पंपाच्या चार बारीक नळ्या चार चॅनलमध्ये सोडते, टोकाला लहान एअर स्टोन. डीप वॉटर कल्चरच्या टबांनाही हाच पंप. छोट्या इन्व्हर्टरची एक खोड सांगून ठेवते: त्याला काही जोडलेलं नसलं तरी तो स्वतः काही वॅट खात राहतो. रात्रभर तसाच चालू ठेवलात तर सकाळी बॅटरी रिकामी मिळेल. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी असेल तर ती बरीच खोलवर वापरता येते, हिशेब त्याप्रमाणे बदला.

पाण्याच्या पंपावाचून ज्यांचं चालतच नाही, म्हणजे एरोपोनिक किंवा टॉवरवाले, त्यांनी टायमरवर मिनिटं वाटून द्यावीत. अर्ध्या तासात ५ मिनिटं चालवला तर खर्च सहाव्या हिश्श्यावर येतो. रात्री पानांतून पाणी फारसं उडत नाही, तेव्हा याहून कमीतही भागतं.

एअर पंप कुठे ठेवता, यालाही महत्त्व आहे. तो पाण्याच्या पातळीच्या खाली असेल आणि बंद पडला, तर पाणी नळीतून उलट चढून पंपात उतरतं. पंप जातो आणि टब रिकामा होतो. तो पातळीच्या वर टांगा, किंवा नळीत एकेरी व्हॉल्व्ह घाला. मी दोन्ही करते.

आणि बॅटरीही संपली तर? हात आहेत. टबातून मगभर पाणी घ्यायचं आणि हातभर उंचीवरून परत त्याच टबात धार सोडायची. पडणारी धार हवा सोबत घेऊन जाते. एका टबाला दर दोन तासांनी दहा-पंधरा मग. बांध न घातलेल्या चॅनलला वरच्या टोकाने दर अर्ध्या तासाला एक मग पोषणद्रावण. हे कंटाळवाणं काम आहे, पण एका दुपारी घरातल्या तिघांनी पाळ्या लावून केलं आणि एकही रोप गेलं नाही. रात्री झोपायचं असेल तर दोन लिटरची बाटली उलटी टांगा, झाकणाला सुईनं भोक पाडा आणि बुडालाही हवा आत जायला एक बारीक भोक ठेवा. आधी दिवसा प्रयोग करून बघा, बाटली चार-पाच तासांत रिकामी झाली पाहिजे.

जनरेटर लावणार असाल तर तो बंद जागेत, बाल्कनीत किंवा खिडकीजवळ कधीही चालवू नका. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणूस झोपेतच जातो. दारं-खिडक्यांपासून किमान ६ मीटर लांब, उघड्यावर.

टाकी

१ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ चौरस मीटरवर १ लिटर पाणी. टाकीचं तोंड अर्ध्या चौरस मीटरचं असेल आणि १०० मिलिमीटर पाऊस झाला तर त्यात ५० लिटर पाणी नुसतं वरून पडतं. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच. ६० लिटर द्रावण १.६ ईसीचं (ईसी म्हणजे विद्युतवाहकता, तिच्यावरून पाण्यात विरघळलेलं खत किती ते कळतं) असेल आणि त्यात २० लिटर पाऊस मिसळला तर ईसी १.२ वर येते. पीएचही डळमळतो, कारण पावसाचं पाणी मुळात किंचित आम्लधर्मी असतं, सुमारे ५.६, आणि त्यात सांभाळून घेणारे क्षार नसतात.

झाकण तर हवंच, पण पाऊस फक्त झाकणातून येत नाही. चॅनलमधलं प्रत्येक रिकामं भोक हे एक नरसाळं असतं. कापणी झालेल्या जागा उघड्या राहिल्या की तिथून पडलेला पाऊस सरळ टाकीत. मी रिकाम्या भोकांवर रुंद चिकटपट्टी लावते. रोपं असलेल्या नेटपॉटभोवती (जाळीदार छोट्या कुंडीभोवती) जाड फोमची कापलेली चकती बसवते, ती एरवीही शेवाळ रोखते.

पंप थांबला की चॅनलमधलं आणि परतीच्या पाइपातलं सगळं पाणी टाकीत उतरतं, हे विसरून टाकी काठोकाठ भरू नका. दुसरीकडे टाकी भरलेली असणं वाऱ्यासाठी चांगलं, १०० लिटर म्हणजे १०० किलो, ती हलत नाही. मी १०० लिटरच्या टाकीत ८५ पर्यंत भरते आणि काठाच्या खाली एक ओव्हरफ्लोचं भोक ठेवलंय, त्याला बारीक जाळी. जास्तीचं पाणी तिथून नळीने सरळ मोरीकडे जातं, विजेच्या बोर्डाच्या दिशेने नाही.

क्रॅटकीच्या टबाला हेच भोक जीव की प्राण आहे. त्या पद्धतीत पाण्याची पातळी उतरत जाते आणि वरची मुळं ओलसर हवेत श्वास घ्यायला शिकतात. टबात पाऊस शिरला आणि पातळी पुन्हा वर चढली की ती हवेतली मुळं बुडतात, रोप गुदमरतं. आता तुमच्या टबात पाणी जिथे आहे त्याच्या किंचित वर एक भोक पाडा, आत कितीही पाऊस आला तरी पातळी त्यावर जाणार नाही.

साधं पाणीही साठवा. वीज नसली की बहुतेक ठिकाणी नळालाही पाणी येत नाही आणि नेमकं तेव्हाच द्रावण बदलायची वेळ येते. टाकीत जेवढं मावतं तेवढं झाकलेल्या कॅनमध्ये. ए आणि बी खतांचे डबे, पीएच कमी करायचं द्रावण, मीटर, हे सगळं वरच्या फळीवर, घट्ट बंद करून. पीएच कमी करायचं द्रावण आम्ल असतं. ते आणि ब्लीच एका कपाटात ठेवू नका. सांडून एकत्र झाले तर क्लोरीन वायू तयार होतो.

वारा

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. ताशी ७२ किलोमीटरचा वारा समोरच्या सपाट पृष्ठभागावर चौरस मीटरला साधारण २५ किलोचा जोर देतो. माझ्या सांगाड्यावर ३ बाय २ मीटरचं प्लास्टिक आहे, म्हणजे ६ चौरस मीटर, म्हणजे दीडशे किलो. वारा १४४ वर गेला तर सहाशे. कुठली गाठ एवढं धरेल? म्हणून आता मी प्लास्टिक आणि शेडनेट दोन्ही उतरवते, गुंडाळते आणि आत ठेवते. पहिल्या वादळात ती दुहेरी गाठींची जाळी टिकली ते नशीब. आवरण सांगाड्याला शीड बनवतं. नुसते उघडे पाइप वाऱ्याला फारसं काही देत नाहीत.

सांगाड्याला ताण देणाऱ्या दोऱ्या पॉलिएस्टरच्या घ्या. नायलॉन ओला झाला की ताणतो आणि सैल पडतो, नेमका पावसात. प्लास्टिकचे टाय उन्हानं ठिसूळ होतात, दरवर्षी बदला. चॅनल स्टँडवर नुसते टेकवलेले असतील तर सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधा. रबर थोडं देतं-घेतं, त्यामुळे झटक्यानं पाइप तडकत नाही. स्टँडच्या पायांशी पाण्याने भरलेले २० लिटरचे कॅन बांधा. साठवायचं पाणी त्यातच ठेवलं की दोन कामं होतात.

टॉवर उभा ठेवू नका. तो उंच, वरून जड आणि कठड्याच्या वर डोकावणारा असतो. पडला तर खाली कोणाच्या डोक्यात जाईल. वरचे टप्पे सोडवून जमिनीवर घ्या.

आणि जे उचलता येतं ते आत घ्या. मला हे सुचायला फार वेळ लागला, कारण मी माझ्या बागेला एक अचल वस्तू समजत होते. पण नेटपॉट तर उचलता येतो! मोठ्या पसरट टबात ५-७ सेंटिमीटर पोषणद्रावण घ्यायचं, नेटपॉट मुळांसकट अलगद उपसून त्यात दाटीवाटीनं उभे करायचे. वीस रोपं एका टबात राहतात. सोबत ३ वॅटचा तोच एअर पंप. घराच्या कोपऱ्यात, उजेड नसला तरी दोन दिवस रोपांना काही होत नाही. अंधारात त्यांची तहानही कमी असते. उपसताना मुळं एकमेकांत गुंतलेली असतील तर ओढू नका, पाण्यातच हलवून सोडवा. सगळी नेता येत नसतील तर आधी कोवळी रोपं, मग ज्यांना सर्वांत जास्त दिवस दिलेत ती.

टोमॅटो, मिरचीसारखी उंच झाडं उपसायला जाऊ नका. त्यांचे वेल आधाराच्या दोरीवरून सोडून खाली आडवे घ्या. रंग धरायला लागलेले टोमॅटो तोडा, ते घरात पिकतात. लेट्यूस, पालक यांची बाहेरची मोठी पानं काढून घ्या, वाऱ्याला पकड कमी मिळते. एकतृतीयांशापेक्षा जास्त मात्र नको, सावरायला पानं लागतात.

रिकामे नेटपॉट, पर्लाइटच्या पिशव्या, सुटे पाइप, कुंड्या, मोकळे कॅन सगळं आत. वाऱ्यात त्यांचे दगड होतात.

तुमचा जीव

पाणी, वीज आणि धातूचा स्टँड एकत्र असलेल्या जागेत आपण काम करतो. सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर वादळाची वाट न बघता तो बसवून घ्या. वायर प्लगकडे जाताना आधी खाली झोल घेऊन मग वर गेली पाहिजे, म्हणजे ओघळणारं पाणी झोलाशी टपकतं, सॉकेटमध्ये शिरत नाही. एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर नको. टाकीत हात घालण्याआधी पंपाचा प्लग काढा, दर वेळी.

वीज चमकली की मोजा. दर तीन सेकंदांना एक किलोमीटर. चमक आणि गडगडाट यांत ३० सेकंद किंवा कमी अंतर असेल तर वीज १० किलोमीटरच्या आत आहे, गच्चीवरून खाली या आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वर जाऊ नका. ग्रो लाइट, टायमर, कंट्रोलर यांचे प्लग त्याआधीच काढलेले असू द्या, कारण वीज परत येतानाचा झटका यंत्रांना मारतो. वादळाच्या मध्यात काहीतरी सुटल्याचा आवाज येईल. मलाही आला आहे, आणि जिन्यापर्यंत जाऊन मी परत फिरले आहे. बाग पुन्हा लावता येते.

सरल्यावर

पहिल्यांदा आकाशाकडे बघा. वादळानंतरचं ऊन फसवं असतं. दोन-तीन दिवस ढगाळ हवेत राहिलेली, मुळं दुखावलेली रोपं एकदम उघड्या उन्हात आली की जेवढं पाणी पानं उडवतात तेवढं मुळं ओढू शकत नाहीत. शेडनेट पुन्हा बांधणं हे माझं पहिलं काम, झाडू नंतर.

मग विजेची तपासणी. बोर्ड, प्लग, पंपाची वायर कोरडी आणि शाबूत असल्याची खात्री होईपर्यंत काही चालू करू नका. पंपाची जाळी काढून धुवा, तिच्यात पानांचा लगदा बसलेला असतो. चॅनलमधले पाइपाचे तुकडे काढा, पाचर परत घाला, पाणी वाहू द्या.

द्रावणाची ईसी आणि पीएच मोजा. पीएच मीटरचं टोक वादळाच्या गडबडीत कोरडं पडलं असेल तर ते साठवणीच्या द्रावणात काही तास ठेवून, कॅलिब्रेट करून मगच त्याच्यावर विश्वास ठेवा. पाऊस थोडाच मिसळला असेल तर मी खत घालून ईसी वर आणते आणि पीएच ५.५ ते ६.५ मध्ये बसवते. पाव टाकीहून जास्त पाऊस शिरला असेल, किंवा गढूळपणा, पालापाचोळा, वास असं काही असेल तर सगळं द्रावण ओतून नवं करते. साठवलेलं पाणी इथे कामी येतं.

रोपं कोमेजलेली असतील तर जोरकस खत देऊन त्यांना उठवायचा मोह होतो. नको. द्रावण जितकं दाट तितकं मुळांना पाणी ओढणं कठीण जातं. लेट्यूसला मी पहिले दोन दिवस ०.८ ईसी ठेवते आणि नवी पानं ताठ झाल्यावर हळूहळू वाढवते. गाभा टणक असेल तर बाहेरची पानं गेलेलं रोपही परत येतं, उपटायची घाई करू नका.

मुळं उचलून बघा. पांढरी किंवा मलईच्या रंगाची असतील तर उत्तम. तपकिरी, बुळबुळीत, बोटांनी ओढल्यावर साल निघून आत दोऱ्यासारखं उरणारी आणि कुबट वास येणारी असतील तर ती मूळकूज. ती आणणारा पिथियम हा बुरशीसारखा जीव उबदार, हवा संपलेल्या पाण्यात झपाट्यानं पसरतो. अशी रोपं वेगळी करा. थोडीच सडली असतील तर तेवढी कापून, धुऊन, ताज्या द्रावणात, भरपूर हवेसह आणि पाणी शक्यतो १८ ते २२ अंशांत ठेवून बघा. सगळी सडलेली असतील तर रोप काढून टाका, शेजारच्यांना वाचवा. त्या चॅनलला आणि टाकीला रिकामं करून पातळ ब्लीचनं धुवा, नंतर साध्या पाण्यानं दोन-तीनदा खळखळून. आम्ल आणि ब्लीच एकत्र येऊ देऊ नका, हे पुन्हा सांगते.

समुद्राजवळ राहत असाल तर वाऱ्यासोबत आलेलं मीठ पानांवर बसलेलं असतं. ऊन चढायच्या आत गोड्या पाण्याच्या झारीनं पानं धुवा, नाहीतर कडा करपतात. आणि जमिनीलगतच्या बागेत पुराचं पाणी शिरलं असेल तर त्या पाण्यानं भिजलेली पालेभाजी खाऊ नका, धुऊनसुद्धा नाही. त्यात सांडपाणी असतं. हे सांगायला जीवावर येतं, कारण अशी रोपं बाहेरून धडधाकट दिसतात.

शेवटी गच्चीवर एक फेरी मारा आणि उलटी पडलेली झाकणं, प्लास्टिकच्या घड्या, रिकामे टब, उरलेले नेटपॉट यांत साठलेलं पाणी ओतून द्या. डासांना अंड्यापासून उडायला सात ते दहा दिवस पुरतात. ही फेरी मी आठवड्यानं पुन्हा मारते, तेव्हाही कुठेतरी एखादं भरलेलं झाकण सापडतंच.